बोटसुटी

कुणीतरी पुन्हा बोटसुटीच्या लेखात हात घातला होता.

मी शिकवणीच्या सकाळच्या बॅचेस उरकून नुकतीच घरी आले होते. घसा बसलेला, पाय भरून आलेले. नागपुरात मे महिन्यात दुपारचं बाहेर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. आईनं वाढून ठेवलेलं ताट तसंच झाकून मी लॅपटॉप उघडला, तर मूळचं वाक्य गायब आणि त्याच्या जागी दुसरंच.

मी हेमराजला फोन लावला.

“तोच माणूस?” त्यानं विचारलं.

“तोच. ‘वाचक’ नावाचा.”

“मग उडव ना यार. मला काय विचारून राहिली?”

“तूच का नाही उडवत? प्राणी तुझा आहे.”

पलीकडे थोडा वेळ नुसता ऑफिसातला गलका ऐकू आला. मग तो म्हणाला, “मी त्या लेखाला हात लावत नाही, विशू. तू बघ. आणि त्या माणसाला बंद करून टाक एकदाचं.”

त्या उन्हाळ्याला आता बरीच वर्षं झाली. आम्ही तेव्हा काय करत होतो, ते आज माझ्याच वर्गातल्या मुलांना सांगताना मला थोडी कसरत करावी लागते. टेबलाभोवती आम्ही पाच-सहा जण बसायचो. एक जण सांगणारा, बाकीचे त्याच्या गोष्टीतली माणसं. सांगणारा म्हणायचा, तुम्ही घाट उतरलात, पुढे धुकं आहे, धुक्यात काहीतरी श्वास घेतंय, बोला काय करता? मग ज्यानं त्यानं आपलं काय ते सांगायचं, फासा टाकायचा आणि पडेल त्याप्रमाणे जगायचं किंवा मरायचं. आमचा सांगणारा हेमराज भोयर. कॉलेजपासूनचा मित्र. दिवसभर विमा कंपनीत लोकांचे अपघात तपासायचा आणि रविवारी आम्हाला धूसरखंडात न्यायचा. हा अख्खा मुलूख त्यानं डोक्यात वसवला होता, नद्या, गढ्या, बोली, सणवार आणि जनावरांसकट.

मी जीवशास्त्र शिकवायची, म्हणून जनावरांचं खातं माझ्याकडे आलं. तो सांगायचा, मी लिहायची. कुठे राहतं, काय खातं, पिल्लं कशी वाढवतं, कशाला भितं. हे सगळे लेख आम्ही इंटरनेटवर विकीत टाकायचो. कुणीही वाचावं, कुणीही भर घालावी, चुकलंच तर आम्ही दोघांनी दुरुस्त करावं. बघता बघता लातूरची, डोंबिवलीची, कुठकुठली पोरं धूसरखंडात खेळायला लागली. मग भांडणंही सुरू झाली. कुणाला दरडगाय आणखी मोठी हवी, कुणाला राखमाशीचं विष आणखी जहाल हवं. सुरुवातीला यात गंमत वाटायची. त्या उन्हाळ्यापर्यंत मात्र मी वैतागले होते. दिवसभर खऱ्या बेडकाची पचनसंस्था शिकवायची आणि घरी येऊन खोट्या माशीच्या विषावरून अनोळखी माणसांशी वाद घालायचा.

पण बोटसुटीवरून तोवर कुणी भांडलं नव्हतं. तिच्याबद्दल वाचून लोक नुसतेच गप्प व्हायचे. बोटसुटी गर्दीत राहते. तिला तोंड नाही, अंग नाही, फक्त एक हात. लहान लेकरू गर्दीत कुणाचं तरी बोट धरून चालत असतं आणि मध्येच केव्हातरी ते बोट बोटसुटीचं होतं. लेकराला कळत नाही. ते आपलं चालत राहतं. हेमराजनं हा प्राणी खेळात कधीच आणला नाही. एकदाच, एका बैठकीत, मला सांगून लिहून घेतला होता. शेवटचं वाक्य त्यानं दोनदा वाचायला लावलं होतं: ‘ज्याच्या भरवशावर लेकरू दिलेलं असतं त्याची नजर ढळली, तरच बोटसुटी येते.’

‘वाचक’ नेमकं तेवढंच वाक्य बदलायचा. तो लिहायचा: ‘नजर ढळली नसली तरी बोटसुटी येते. भरवशाच्या माणसाचा त्यात काही दोष नसतो.’

प्रत्येक लेखामागे चर्चेसाठी एक पान असायचं. मी तिथे लिहिलं, की धूसरखंडातल्या प्राण्यांबद्दल निर्मात्याचा शब्द अखेरचा असतो, कृपया हे वाक्य बदलू नये. संध्याकाळी उत्तर आलं.

‘महोदया, आपला मुद्दा मान्य. तथापि निर्मात्यास सर्व काही ठाऊक असतेच असे नाही. ज्याने प्रत्यक्ष पाहिले आहे त्याचे म्हणणे विचारात घ्यावे, ही नम्र विनंती.’

‘प्रत्यक्ष काय पाहिलंय? बोटसुटी काल्पनिक आहे,’ मी लिहिलं.

‘बोटसुटी काल्पनिक आहे हे मी जाणतो. सविस्तर बोलावयाचे असल्यास फोन करावा.’ खाली नंबर.

कुणीतरी कॉलेजातला टवाळ पोरगा असणार आणि मुद्दाम जुनं मराठी लिहून आपली फिरकी घेत असणार, अशी माझी खात्री होती. त्याला चांगलं झापायचं म्हणून मी फोन लावला. उचलला एका म्हाताऱ्या माणसानं.

“तुम्ही लिहिणाऱ्या मॅडम काय?” ते म्हणाले. “फोनवर नाही सांगता येत जी. तुम्हाला उमरेडले येणं जमन का? सकाळच्या गाडीनं या, उन्हाचं नका येऊ.”

मी हो का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं हे एक. आणि त्या आवाजात टवाळी नव्हती. “भुताखेतांसाठी आता उमरेडला चालली,” असं म्हणत आईनं पाण्याची बाटली भरून दिली. मी एसटी पकडली.

त्यांनी फोनवर सांगितलेल्या खुणांवरून घर सापडलं. फाटकावरची पाटी वाचली आणि मी तिथेच थांबले. ‘गुलाबराव भोयर, निवृत्त पोस्टमास्तर.’

हेमराजचे वडील उमरेडला असतात, एवढं मला माहीत होतं. तो त्यांच्याकडे जात नाही हेही माहीत होतं. आई गेली तेव्हा गेला होता, तेवढाच. का जात नाही, हे मी एकदा विचारलं होतं तेव्हा त्यानं विषय बदलला होता.

“या मॅडम.” ते दारात उभे होते. उंच, वाळलेले, इस्त्रीचा सदरा. आत नेऊन त्यांनी गूळ-पाणी दिलं. भिंतीवर दोन फोटो होते. एक बाईचा, हार घातलेला. दुसरा एका चार-पाच वर्षांच्या मुलीचा. त्याला हार नव्हता.

“काकाजी, तुम्ही हेमराजचे...”

“होय जी. त्याले माहीत नाही. मी ‘वाचक’ आहो ते.” ते खुर्चीच्या कडेला बसले. “पेपरात त्याचा फोटो आला होता. नागपूरच्या पोरांचा मराठी खेळ म्हणून. तवा कळलं का तो हे करते. मग हा मोठा फोन घेतला. शेजारच्या सुनेनं शिकवलं कसं पाहायचं ते. रोज एक-एक प्राणी वाचला. ती दरडगाय, वा! वासरू मेलं तर ती दगडं चाटते, ते कोणाचं? त्याचं का तुमचं?”

“त्याचं,” मी म्हटलं. “मी फक्त लिहिते.”

त्यांनी मान हलवली. “मग बोटसुटी वाचली. वाचली आन् बसूनच राहिलो. चूल पेटवाची राहून गेली त्या दिवशी.”

ते फोटोकडे पाहत नव्हते, पण हात तिकडे केला.

“ही मयूरी. त्याची बहीण. नदीकाठच्या जत्रेले गेलो होतो आम्ही. तिची आई माहेरी होती, मीच दोघाले घेऊन गेलो. परतीच्या वक्ताले गर्दी कशी राहते, तुम्हाले माहीत आहे. एसटी लागली का मानसं खिडकीतून दुपट्टे टाकत. मी हेमूले म्हटलं, हिचं बोट धर, इथून हलू नको, मी जागा धरून येतो. हेमू पाचवीत होता जी.”

“आणि मग...”

“मी आत शिरलो. खिडकीपाशी जागा भेटली. दुपट्टा टाकला आन् बाहेर पाह्यलं. मॅडम, मी पाहून राहिलो होतो. हे मी आजपावेतो कोणालेच सांगितलं नाही. मले खिडकीतून दोघंही दिसत होते. त्यानं तिचं बोट घट्ट धरलं होतं. तिनंच झटक्यानं काढून घेतलं. पिपाणीवाला चालला होता, त्याच्यामागं पळाली. हसत पळाली. खोडीच होती तिची तशी. आन् हा तिच्यामागं धावला. लगेच धावला. चपलेचा अंगठा तुटला त्याचा, चप्पल तिथंच टाकून धावला. मग मानसाचा एक लोंढा आला मधात. मी ओरडलो. उतराले गेलो त दारात मानसं कोंबलेले, आतले बाहेर येईना, बाहेरचे आत येईना. उतरलो तवा पोरगं परत त्याच जागी उभं होतं.”

“परत?”

“मी म्हटलं होतं ना, इथून हलू नको म्हणून. त त्याच जागी येऊन उभं राह्यलं. एका पायात चप्पल नाही. मी विचारलं, मयू कुठी आहे? तेवढंच विचारलं. ते कायच बोललं नाही.”

मयूरी सापडली नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाले, दर जत्रेला जाणं झालं. हे त्यांनी एका दमात सांगितलं, पुष्कळदा सांगून झालेल्या माणसासारखं.

“मग हेमराजला हे सांगितलं का नाही?” माझा आवाज मलाच कडक वाटला.

“त्याच्या आईनं पहिल्याच रात्री विचारलं, तुम्ही कुठी होते? मी म्हटलं, गाडीत होतो, दिसलं नाही काही. पाह्यलं म्हटलं असतं त म्हणाली असती, डोळ्यानं पाह्यलं आन् उडी नाही मारली? ती तशीच गेली जी. वाट पाहत गेली. तिच्यासमोर माह्यानं तोंड उघडलं नाही. आन् पोरगं माह्याशी बोलेना. मले वाटे, बापानं लहान पोराच्या हाती पोरगी सोपवली म्हणून ते माह्यावर रुसलं आहे. वीस वर्षं मी तसंच समजून होतो. हा लेख वाचला तवा कळलं, का तो माह्यावर नाही, सोताच्या अंगावर घेऊन बसला आहे.”

बाहेरून गाडीवाल्याची हाळी गेली, कांदे, बटाटे.

“आता सांगा त्याला,” मी म्हटलं. “मी फोन लावून देते. आत्ता.”

“नको!” ते एकदम उठले. “बाप सांगन त त्याले वाटन, म्हातारा समजूत काढते. मरायच्या आधी पोरगं जवळ कराले पाह्यते. परक्या मानसानं लिहिलं, आन् ते तिथं राहू दिलं तुम्ही, त एखाद्या दिवशी त्याले खरं वाटन. तेवढंच वाक्य राहू द्या बेटा. माहं नाव नका सांगू.”

मॅडमची मी बेटा केव्हा झाले, ते त्यांनाही कळलं नसावं. मी नाव सांगणार नाही असा शब्द दिला. परतीच्या गाडीत कडेला जागा मिळाली, पण मी डोळे मिटले नाहीत.

मला कुणाचं काही वाहून न्यायचं नव्हतं. मी थकलेली होते. मला माझी शिकवणी, माझी आई, पुढच्या महिन्यातले पेपर एवढंच पुरे होतं. पण घरी आल्यावर मी ‘वाचक’चं वाक्य लेखात परत घातलं आणि लॅपटॉप मिटला.

दुसऱ्याच दिवशी दुपारी हेमराज घरी आला. ऑफिस सोडून आला होता. चेहरा उन्हानं लाल झालेला. आईनं दिलेलं पाणी त्यानं हातात धरून ठेवलं, प्यायला नाही.

“तूच परत टाकलंस?”

“हो.”

“काहून?”

“मला ते वाक्य बरोबर वाटतं.”

“तुला वाटतं?” तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “विशू, दरडगाय तुझी, राखमाशी तुझी, सगळं घेऊन जा. हा एक प्राणी माझा आहे. तो कसा येतो हे मला माहीत आहे. दोष नसतो म्हणे! कोणत्या पुस्तकात वाचलं?”

आई स्वयंपाकघरात गेली. मी खुर्ची त्याच्यासमोर ओढून बसले.

“तू सांग. कसा येतो?”

त्यानं सांगितलं. मी ते आदल्याच दिवशी ऐकलं होतं, तरी ते वेगळंच होतं. त्याच्या सांगण्यात बस नव्हती, वडील नव्हते. मौत का कुआँतली मोटरसायकल एकदम गरजली, त्यानं तिकडे पाहिलं, परत पाहिलं तर हात रिकामा. आणि तो तिथेच उभा राहिला. हाक नाही मारली, धावला नाही, रडला नाही. नुसता उभा.

“मी जागचा हललो नाही, समजलं?” तो म्हणाला. “ती गेली आणि मी उभा होतो. बाबा आले तेव्हा मी उभा होतो. त्यांनी फक्त एवढं विचारलं, मयू कुठं आहे. त्यानंतर त्यांनी मला कधी काहीच विचारलं नाही. विचारायचं राहिलंच काय होतं?”

शब्द दिला होता तो फक्त नावाचा. मी तेवढाच पाळायचं ठरवलं.

“हे वाक्य लिहिणारा माणूस तिथे होता, हेमू.”

“कुठे?”

“त्या जत्रेत. मी त्याला भेटले. त्यानं तुम्हा दोघांना पाहिलं होतं. तो म्हणतो, तू तिचं बोट घट्ट धरलं होतंस. तिनंच हात ओढून घेतला, पिपाणीवाल्यामागं पळाली. आणि तू तिच्यामागं धावलास.”

“खोटं आहे.”

“धावताना तुझ्या चपलेचा अंगठा तुटला. तू चप्पल तिथेच टाकलीस.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. हातातला पेला कलंडला आणि पाणी त्याच्या पँटवर सांडलं, ते त्याला कळलं नाही.

“एका चपलेनं घरी आलो होतो मी,” तो हळू म्हणाला. “दुसरी कुठे गेली, ते मला कधी आठवलंच नाही. उभ्या माणसाची चप्पल कशी जाईल?”

“तुला इथून हलू नको असं सांगितलं होतं. म्हणून तू तिला शोधून परत त्याच जागी येऊन उभा राहिलास.”

त्याच्या ओठांची हालचाल होत होती, आतल्या आत काहीतरी मोजून पाहिल्यासारखी. मग त्यानं विचारलं, “तो माणूस कुठून पाहत होता?”

मी उत्तर द्यायला नको होतं. पण खोटं बोलण्याइतकीही शक्ती माझ्यात नव्हती.

“गाडीच्या खिडकीतून.”

त्याला कळलं. त्याच्या खांद्यांवरून मला ते समजलं. मला वाटलं तो रडेल. तो रागावला. पेला टेबलावर आपटून उठला.

“वीस वर्षं! वीस वर्षं त्यांना माहीत होतं? मी रात्र-रात्र अंथरुणात बसायचो, पलीकडच्या खोलीत ते जागे असायचे. खोकल्याचा आवाज यायचा मला. मध्ये फक्त एक भिंत होती, विशू!”

“हो.”

“उठून एवढं सांगता आलं नाही?”

“नाही आलं,” मी म्हटलं. “का नाही आलं, ते त्यांना विचार. मी निरोप्या नाही तुमची.”

तो दारापर्यंत गेला. चपला घातल्या. मग पाठमोराच उभा राहिला. दार धरून.

“पळाली, म्हणाले ते. पळताना... रडत होती का?”

“हसत होती. हसत पळाली, असं म्हणाले.”

त्यानं मान खाली घातली. जिना उतरताना त्याची पावलं ऐकू आली, मधल्या वळणावर थांबलेली, मग पुन्हा सुरू झालेली.

त्यानंतर कितीतरी दिवस त्याचा फोन नाही, रविवारची बैठक नाही. मंडळींनी विचारलं तर मी तो आजारी आहे म्हणून सांगितलं. लेख तसाच होता. त्यानं वाक्य उडवलं नाही, काही लिहिलंही नाही. ‘वाचक’ही गप्प. मीच एका दुपारी बसून दोन्ही वाक्यं काढून टाकली आणि लिहिलं, ‘बोटसुटी का येते, हे कुणालाच नक्की सांगता आलेलं नाही.’ वर्गात अशी वाक्यं चालत नाहीत. मुलं विचारतात, मॅडम, मग परीक्षेत काय लिहायचं? पण त्या लेखात मला याहून खरं काही सुचलं नाही. आजही ते तसंच आहे. हेमराजनं पुढे पुन्हा खेळ सुरू केला, पण त्या लेखाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

जून लागला तरी उकाडा ओसरला नव्हता. शिकवणीला सुट्टी होती त्या दिवशी. राहवेना म्हणून मी उमरेडला फोन लावला. मी शब्द अर्धाच पाळला होता, तेही सांगून टाकायचं होतं. बरीच रिंग वाजली. मग फोन उचलला गेला, पण पलीकडून बोलणं आलं नाही. फक्त कुणीतरी हलक्या पावलांनी चालत असल्याचा, दार हळूच लोटल्याचा आवाज आला.

“काकाजी? मी विशाखा. तुम्ही बरे आहात ना?”

“बरा आहो,” ते इतक्या दबक्या आवाजात बोलले की मी फोन कानाला घट्ट धरला. “सकाळी आला तो. बोलला नाही कायच. भाकर मागितली, जेवला, आन् त्याच्या जुन्या खाटेवर आडवा झाला. तवापासून निजला आहे. हळू बोल बेटा. दार नुसतंच लोटलं आहे.”